कडेला घे म्हणता, पण कड आहे कुठं?

सोलापूर शहरात आणि शहराला येऊन मिळणाऱ्या रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना,

नमस्कार.

ट्रकवाले, ऊस ट्रॅक्टरवाले, रिक्षावाले, टेम्पोवाले, कारवाले, मोटरसायकलवाले, सगळ्यांना मिळून हे एकच पत्र लिहितोय. वेगवेगळं लिहायला दुकानातनं सवड मिळत नाही. पूर्व भागात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. पंक्चर, चेन, ब्रेक, चाकाचा आऊट काढणं, असली कामं. वडीलही हेच करायचे. लक्ष्मी-विष्णू किंवा नरसिंग गिरजी मिलचा भोंगा झाला, की दारातनं सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा आणि मोटारी मुकाट्यानं उभ्या राहायच्या, असं ते सांगायचे. गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले. सायकली मात्र रस्त्यावरच आहेत. हे मुद्दाम सांगतोय, कारण तुमच्या काचेतनं त्या दिसत नसाव्यात असा मला संशय यायला लागलाय.

कोण असतं या सायकलींवर? अक्कलकोट रोड एमआयडीसीत रात्रपाळी करून नीलमनगर, सुनीलनगर, विडी घरकुलाकडं परतणारा यंत्रमाग कामगार. हँडलला डब्याची पिशवी, डोळ्यांत झोप, कानात अजून मागाचा खडखडाट. पहाटे पेपर टाकणारी पोरं, दूधवाले, बंगल्यांवरचे वॉचमन, कुंभारी-मुळेगावकडनं गवंड्याच्या हाताखाली येणारे बिगारी, क्लासला जाणाऱ्या मुली. यांतल्या कुणीही पर्यावरण वाचवायला सायकल घेतलेली नाही. पेट्रोल शंभरीच्या वर गेलंय, सिटी बस मोजक्याच उरल्यात आणि रोज दोन वेळचं रिक्षाभाडं आठवड्याच्या पगारात बसत नाही, एवढं साधं कारण आहे.

या लोकांशी तुमचं जे बोलणं होतं, ते एकाच वाक्याचं असतं. "कडेला घे की बे!" काच खाली करून, हॉर्नवर हात ठेवून किंवा निघून जाताना मागं वळून. माझं सगळं पत्र या एका वाक्याबद्दल आहे. तुम्ही ज्या कडेला जायला सांगता, ती कड या शहरात चालवण्याच्या लायकीची नाही. हे तुम्हाला गाडीतनं कळणार नाही. मला कळतं, कारण त्या कडेला गेलेली सायकल दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात येते.

चाकाचा आठ झालेला असतो. म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असेल. गोल रिम इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पिळवटते आणि चाक चिमट्यात फिरायचंच थांबतं. पुढच्या चाकाचा असा आठ बहुतेक वेळा चेंबरच्या जाळीनं होतो. जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेला समांतर असल्या, की सायकलचं बारकं टायर त्यात बरोबर उतरतं. चाक जागच्या जागी थांबतं, माणूस पुढं जातो. रिम एकाच ठिकाणी आत चेपलेली असेल, तर ती खड्ड्याच्या काठाला आपटलेली असते. डाव्या पेडलचं रबर घासलंय, डाव्या ब्रेकची मूठ वाकलीय, उजवी बाजू कोरी आहे, असं दिसलं की समजायचं, गडी डावीकडं पडला. मागचं मडगार्ड आणि कॅरिअर एका अंगाला दबलेलं असेल, तर मागनं कुणीतरी टेकून गेलंय. एवढं बघून मी विचारतो, "हॉर्न दिला होता का मागनं?" उत्तर ठरलेलं असतं. "होय की ओ. म्हणून तर खाली उतरवली."

आता ही कड नीट बघा. एक दिवस गाडी घरी ठेवून चालत बघा हवं तर. डांबराची शेवटची दोन-अडीच फूट पट्टी म्हणजे कधीतरी पाइपलाइनसाठी उकरलेला आणि वरवर बुजवलेला चर. त्याच पट्टीत ड्रेनेजचे चेंबर. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो, चेंबर मात्र जुन्याच उंचीला राहतं, म्हणून प्रत्येक चेंबर म्हणजे चौकोनी खड्डाच. सगळ्या रस्त्याची वाळू आणि बारीक खडी गाड्यांच्या वाऱ्यानं सरकत सरकत याच पट्टीत येऊन साठते. तुमच्या रुंद टायरला ती जाणवत नाही. सायकलवाल्यानं तिच्यावर ब्रेक दाबला, की चाक घसरलंच. पावसात पाणी इथंच तुंबतं, त्यामुळं चेंबर कुठं आहे तेही दिसत नाही.

डांबर संपलं की साईडपट्टी. कागदावर तिचं नाव रस्त्यातच धरतात. खरं तर डांबर आणि साईडपट्टी यांच्यात कुठं चार बोटांची, कुठं वीतभर पायरी असते. हॉर्न ऐकून सायकलवाला दचकून खाली उतरतो, तोवर ठीक. खरा धोका परत वर चढताना असतो. पुढचं चाक त्या पायरीला घासत राहतं आणि वर चढत नाही. हँडल उजवीकडं वळवलेलं, चाक अडकलेलं, त्यामुळं सायकल खालीच राहते आणि माणूस उजव्या खांद्यावर डांबरावर पडतो. म्हणजे तुमच्या मागनं जी गाडी येतेय, तिच्या पुढ्यात. तुम्ही तोवर पुढच्या चौकात पोचलेले असता. तुमच्या हॉर्ननं काय झालं, ते तुम्हाला कधीच कळत नाही.

शहराच्या आत साईडपट्टी नाही, तिथं उभ्या गाड्या. नवी पेठ, साखर पेठ, कन्ना चौक, कुठंही बघा. उभ्या कारच्या अगदी जवळनं जाणाऱ्याला दार कधी उघडेल याची धास्ती. ड्रायव्हरच्या बाजूचं दार नेहमी रहदारीत उघडतं. यावर एक बिनखर्ची उपाय आहे. उजवीकडचं दार डाव्या हातानं उघडा. डावा हात तिकडं न्यायचा म्हटलं की अंग आपोआप वळतं, मान मागं जाते आणि येणारी सायकल दिसते. करून बघा, आजच.

म्हणून शहाणा सायकलवाला कडेपासून दोन-तीन फूट आतनं चालवतो. तो तुमची वाट अडवत नसतो, चालवण्याजोगा रस्ताच तिथून सुरू होतो. आणि तो मध्येच थोडा उजवीकडं आला, तर पुढचं चेंबर त्याला दिसलेलं असतं, तुम्हाला नाही. "सायकलवाल्याचा नेम नाही, कधीही आडवा येतो," असं तुम्ही म्हणता. त्याचा नेम असतो, तो रस्त्याच्या खालच्या अंगाला बघून धरलेला असतो.

मग ओलांडायचं कसं? मधे दीड मीटर सोडून. आपल्याकडची एकेरी चादर रुंदीला साठ इंच असते, म्हणजे साधारण दीड मीटरच. तुमचा आरसा आणि त्याचं हँडल यांच्यात एक सोलापुरी चादर अंथरता आली पाहिजे, एवढं लक्षात ठेवा. जर्मनीत २०२० पासून शहरात दीड आणि शहराबाहेर दोन मीटर असा कायदाच आहे. आपल्याकडं २०१७ साली गाडी चालवण्याची नवी नियमावली आली. तिच्यात पादचारी, सायकलवाले, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि अपंग यांची चालकानं खास काळजी घ्यावी असं लिहिलंय. लायसन काढताना ती कुणी वाचलीय का, ते विचारत नाही.

दीड मीटरच का? भरलेला ट्रक शेजारनं वेगानं गेला, की आधी वारा सायकलला बाहेर ढकलतो आणि ट्रकची शेपटी निघून जाताना तोच वारा आत ओढतो. वीसेक किलोची सायकल आणि तिच्यावर उपाशीपोटी निघालेला माणूस. हँडल अर्धा हात हललं तरी मधे जागा उरली पाहिजे. समोरनं गाडी येतेय आणि जागा मिळत नाही, तर थांबा. किती थांबावं लागतं याचा हिशोब मी दुकानात बसून केलाय. सायकल ताशी १५ किलोमीटरनं चालली आहे आणि तुम्हाला पन्नास मीटर तिच्या मागं राहावं लागलं, असं धरा. त्याला बारा सेकंद लागतात. तेच अंतर तुम्ही चाळीसच्या वेगानं साडेचार सेकंदांत कापलं असतं. तोटा झाला सात-आठ सेकंदांचा. ते तुम्ही पुढच्या सिग्नलला तसेही घालवणार असता. सात रस्त्याच्या सिग्नलला मी रोज बघतो, जो मला घाईनं ओलांडून जातो, तोच तिथं माझ्या शेजारी एक पाय खाली टेकून उभा असतो.

आणि थांबणं तुम्हाला जमत नाही, असं मला कुणी सांगू नये. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरते. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं सिद्धरामेश्वरांचे सातही नंदीध्वज घेऊन अडुसष्ट लिंगांच्या मार्गानं निघतात, तेव्हा गल्लीबोळांत सगळं शहर थांबतं. नंदीध्वज समोर आला की कुठला कारवाला हॉर्न देतो? गाडी बंद करून खाली उतरतो, हात जोडतो. आषाढीच्या दिंडीमागं तुम्ही मैलन् मैल पहिल्या गिअरवर चालवता आणि वर पाण्याच्या बाटल्या वाटता. म्हणजे धीर तुमच्याकडं आहे. कुणासाठी तो काढायचा, एवढंच तुम्ही ठरवून ठेवलंय.

हे मला आणखी एका गोष्टीवरनं दिसतं. पहाटे तुळजापूर रस्त्यानं किंवा होटगीकडं गिअरच्या सायकली घेऊन जाणारी मंडळी असतात. डॉक्टर, व्यापारी, कॉलेजची पोरं. डोक्यावर हेल्मेट, मागं लुकलुकणारा दिवा. माझ्याकडं सर्व्हिसिंगला येतात, चांगली माणसं आहेत. त्यांना कारवाले जरा लांबनं ओलांडतात, कधी अंगठाही दाखवतात. अर्ध्या तासानं त्याच रस्त्यानं यंत्रमागवाला कामगार आला, की त्याला चिकटून जातात. पहिला आपल्यातला वाटतो, दुसरा वाटत नाही, असं माझं मत झालंय. चुकीचं असेल तर मला आनंदच आहे. दरवर्षी ३ जूनला जागतिक सायकल दिन असतो, संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये ठरवलेला. त्या दिवशी साहेब लोकांच्या फेऱ्या निघतात तेव्हा पुढं पोलिसांची गाडी, मागं रुग्णवाहिका. फोटो छान येतात. ४ जूनला मागवाल्याच्या पुढंही कुणी नसतं, मागंही.

आता ऊसवाल्यांशी थोडं जास्त बोलायचंय. राग मानू नका, तुमची मेहनत मला ठाऊक आहे. आपल्या जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. गळीत हंगाम सुरू झाला, की होटगी रोड, अक्कलकोट रोड, मंगळवेढा रोड, सगळीकडं जोडट्रॉल्या. एक ट्रॅक्टर आणि मागं दोन ट्रॉल्या. सायकलवाल्याला ट्रॅक्टर शेजारनं जाताना दिसतो, पहिली ट्रॉली जाते, त्याला वाटतं गेलं बाबा. तो हँडल सैल सोडतो आणि तेवढ्यात दुसरी ट्रॉली येते. ती सरळ रेषेत येत नाही, झोलत येते. वळणावर तर मागची ट्रॉली पुढचीपेक्षा आत कापते. बाहेर आलेली उसाची टोकं चेहऱ्याच्या उंचीला असतात. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या गालावर तसा वण आहे, डोळा थोडक्यात वाचला. वर ट्रॅक्टरवर गाणी इतक्या मोठ्यानं लावलेली, की खाली कुणी ओरडलं तरी तुम्हाला ऐकू येणं शक्य नाही.

ट्रॉलीला मागं लाल रिफ्लेक्टर असायलाच हवेत, असा नियम आहे. बऱ्याच ट्रॉल्यांना नसतात. असले तरी उसाच्या पाल्यानं झाकलेले किंवा चिखलानं माखलेले असतात. रात्री ट्रॉली पंक्चर झाली, की तिथंच कडेला उभी राहते, चाकाखाली दोन दगड. अंधारात सायकलवाला त्याच कडेनं येतो, ज्या कडेला त्याला तुम्हीच पाठवलेलं असतं. सकाळी ट्रॉली निघून जाते आणि दगड तिथंच राहतात. दगड उचलायला अर्धा मिनिट लागत नाही. एवढं तरी करा.

ट्रकवाल्यांसाठी एकच मुद्दा. तुमच्या केबिनच्या डाव्या खिडकीखाली, क्लीनरच्या बाजूला, एक जागा अशी असते, की तिथं उभी असलेली सायकल तुम्हाला आरशातही दिसत नाही. पूर्वी त्या बाजूला क्लीनर असायचा, तो दारावर थाप मारून सांगायचा. आता बरेच जण एकटेच असतात. आसरा चौकात किंवा मार्केट यार्डासमोर डावीकडं वळताना तुमचं पुढचं चाक लांबनं फिरतं, मागचं मात्र कोपरा धरून आत येतं. नेमकं तिथंच कुणीतरी एक पाय टेकून उभा असतो. वळण्याआधी चाल कमी करा, डावा आरसा दोनदा बघा. जड वाहनांच्या वेळांवरनं या शहरात आंदोलनं झाली, ती उगीच झाली नाहीत.

हॉर्नबद्दल. तुम्ही इशारा म्हणून देता, हे मान्य. पण तो दहा फुटांवरनं, पाठीत दिलात, तर इशारा राहत नाही. त्यानं माणूस दचकतो आणि दचकलेल्या माणसाचं हँडल हलतं. लांबनं एकदा, हलका द्या. कर्कश आणि बदलत्या सुरांच्या हॉर्नना मोटार वाहन नियमांत बंदी आहे, नियम ११९ वाचा. ट्रकपेक्षा हल्ली मोटरसायकलवर असली वाजंत्री जास्त दिसते, विशेषतः ज्यांना मिसरूड फुटायचंय त्यांच्या.

आता जे सगळ्यात जास्त खटकतं ते सांगतो. धडक बसते, फार लागलेलं नसतं, लोक जमतात आणि कुणीतरी तोडगा काढतो, "सायकल दुरुस्त करून द्या, मिटवा." मग दोघं माझ्या दुकानात येतात. गाडीवाला विचारतो, "किती होतील?" मी रिम, आऱ्या, मजुरी मिळून आकडा सांगतो. तो घासाघीस करतो. सायकलवाला मनगट धरून स्टुलावर बसलेला असतो, मनगट सुजत चाललेलं असतं. त्याचा आकडा मला कुणी विचारत नाही. पैसे देऊन गाडीवाला जातो, मिटलं म्हणतो. दुसऱ्या दिवशी कळतं की मनगटाचं हाड मोडलंय, दीड महिना माग चालवता येणार नाही. गाडीचा नंबर कुणी घेतलेला नसतो.

कायदा असा आहे. धडक दिल्यावर जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं ही चालकाची जबाबदारी आहे, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १३४. तुमच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा असतो, तो अशाच माणसासाठी असतो. त्यानं दावा केला, तर भरपाई विमा कंपनी देते. म्हणजे विमा चालू असेल तर पळून जायची गरजच नाही. २०२५ च्या मे महिन्यापासून केंद्राची योजना लागू झालीय. मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमीवर सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत, नेमलेल्या रुग्णालयात रोख पैसे न भरता उपचार होतात. चालक पळून गेला आणि गाडी सापडलीच नाही, तरी मृत्यू झाल्यास घरच्यांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी अर्ज प्रांताकडं किंवा तहसीलदाराकडं करायचा. हे सगळं ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच माहीत नाही, कारण पोलिसांत नोंदच होत नाही. नोंद होत नाही, कारण रिमच्या पैशांत मिटतं. मी आता दुकानात पाटीच लावलीय. मनगट सुजलं असेल तर आधी दवाखाना आणि पोलीस चौकी, रिम नंतर बघू. यानं माझं गिऱ्हाईक तुटत नाही. सायकल शेवटी माझ्याकडंच येते.

रस्त्यावर कुणी पडलेलं दिसलं, तर थांबा. १०८ किंवा ११२ लावा. मदत करणाऱ्याला पोलीस साक्षीदार म्हणून अडकवतात ही भीती अजून लोकांच्या मनात आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं कायद्यातच त्याला संरक्षण दिलंय. नाव सांगायचीही सक्ती नाही.

सायकलवाल्यांची बाजू घेतोय म्हणून ते देव आहेत असं माझं म्हणणं नाही. उलट्या बाजूनं येतात. काळा शर्ट घालून रात्री बिनदिव्याचं फिरतात. मोबाईल कानाला लावून एका हातानं चालवतात. सिग्नलला ट्रकच्या डाव्या कुशीत जाऊन उभे राहतात, ज्यांना मी हजारदा सांगितलंय की ट्रकच्या मागं थांबा नाहीतर पूर्ण पुढं जा, शेजारी नको. वडिलांच्या वेळी म्युन्सिपालटीचा पितळी बिल्ला लागायचा. रात्री कंदील नसला किंवा डबल सीट दिसली, की पोलीस हवा सोडून व्हॉल्व्हच काढून घ्यायचा. ती शिस्त गेली, मान्य. पण एक फरक विसरू नका. सायकलवाल्याच्या चुकीची किंमत सायकलवालाच मोजतो. तुमच्या चुकीचीही तोच मोजतो.

वेगाचं थोडक्यात सांगतो, भाषण करत नाही. चाळीसच्या वेगात गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. समोर काही दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातोच, नंतर गाडी थांबायला आणखी आठ-दहा मीटर. साठच्या वेगात हेच सगळं मिळून पस्तीस मीटरच्या पुढं जातं. विजापूर रोडवर सैफुलच्या पुढं रस्ता जरा मोकळा झाला, की कोण किती वेगानं जातं, ते तुम्हाला माहीत आहे.

महापालिकेला आणि रस्त्यांच्या ठेकेदारांना यात का लिहिलं नाही, असं विचाराल. लिहिलंय, स्वतंत्र अर्ज दिलाय. त्यात स्पष्ट म्हटलंय, की जाळीच्या फटी आडव्या करा, डांबराचा थर टाकताना चेंबर वर उचला, साईडपट्टी डांबराच्या पातळीला मुरुम भरून दाबा. यातल्या एकाही कामाला स्मार्ट सिटीचा निधी लागत नाही. २०१६ च्या पहिल्या यादीत आपलं शहर होतं म्हणून मी तो मागत बसलो नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ प्रमाणं रस्त्याच्या ठरलेल्या मापदंडात कसूर झाली आणि त्यातनं मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर ठेकेदाराला आणि संबंधित यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, तेही अर्जात लिहिलंय. उड्डाणपूल होतील तेव्हा होतील. पण ते काम त्यांचं. मुरुम पडेपर्यंत सायकलवाला चेंबरपासून तीन फूट आतनं चालणार आणि त्या तीन फुटांचा निर्णय रोज तुम्ही करता, म्हणून पत्र तुम्हाला.

एक तुमच्या उपयोगाचं सांगून थांबतो. दुकानात लाल रिफ्लेक्टर पट्टीचे रोल आणून ठेवलेत. सायकलींना मागच्या मडगार्डला आणि पेडलला लावून देतो, पैसे घेत नाही. ऊस ट्रॉलीलाही लावून देईन, फुकट. मागची फळी तेवढी आधी धुऊन आणा, चिखलावर पट्टी टिकत नाही. आणि ट्रॉली मोठ्या रस्त्यालाच उभी करा, मी रोल घेऊन तिथं येतो. दुकानाची गल्ली अरुंद आहे, एकदा आत आलात तर संध्याकाळपर्यंत कुणाच्याच सायकली बाहेर निघायच्या नाहीत.

आपला,
पूर्व भागातला एक सायकल दुरुस्तीवाला
सोलापूर